फियाट की अॅम्बॅसेडर? दोन जुन्या गाड्यांची तुलना नीट कशी करायची, नाशिकच्या नवख्यांसाठी

नाशकात जुन्या गाड्यांचं वेड नव्यानं वाढतंय. गंगापूर रोडला रविवारी सकाळी एखादी चकचकीत पद्मिनी, म्हणजे जुनी फियाटच, उभी दिसली की चार पोरं फोटो काढायला थांबतात, त्यातला एखादा नंतर विचारतो की दादा फियाट घेऊ का अॅम्बॅसेडर, जास्त पॉवरफुल कुठली? मग दोन्हीचे ब्रोशरमधले पॉवरचे आकडे शेजारीशेजारी ठेवले जातात, ४० बीएचपी (हॉर्सपॉवर) विरुद्ध ५०, आणि निकाल लागतो. माझं म्हणणं असं की तो निकाल कामाचा नाही. ब्रोशरमधला आकडा हा त्या साली कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाडीचा असतो, तुमच्या समोर उभी असलेली गाडी तीस-चाळीस वर्षं चाललेली, दोनदा रिबोअर झालेली (म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून मोठे केलेली), टायर बदललेली असते. त्यामुळे आधी कागदावरचे आकडे एका मापात आणायचे आणि मग गाडी स्वतः मोजायची. दोन्ही कामं कुणालाही जमतात, महागडं सामान लागत नाही, फक्त घाई करायची नाही. क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी, कुठली फियाट आणि कुठली अॅम्बॅसेडर हे ठरवा. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपण सरसकट फियाट म्हणतो पण कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समधून ६४ च्या सुमाराला निघालेली फियाट ११०० डिलाइट, मग थोडे दिवस प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी अशी ती एकच वंशावळ आहे. पेट्रोल इंजिन मुळात तेच, १०८९ सीसी, चार सिलिंडर. शेवटी शेवटी डिझेलवाली पण आली, १३७ डी, तिचं इंजिन वेगळं. अॅम्बॅसेडरचं तर अजून मोठं आहे. बंगालमधल्या उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सनं मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री वरून ही गाडी काढली, सुरुवातीला १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, लवकरच १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह आलं, मार्क टू १९६२ ला, मार्क थ्री १९७५ ला, मार्क फोर १९७९ ला, मधे डिझेल, आणि नव्वदच्या दशकात इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, ७५ बीएचपी. २०१४ ला उत्पादन बंद होईपर्यंत बाहेरून सगळ्या बहिणी बहिणीच दिसतात. आता ७५ बीएचपीची इसुझूवाली घेऊन तिच्यासमोर ७५ सालची पद्मिनी उभी केली तर ती तुलनाच नाही. जोडी लावायची तर १४८९ सीसी पेट्रोल आणि १०८९ सीसी पेट्रोल अशी लावा, पुढे मी तीच धरतोय.

आरसी हातात घ्या. त्यावर सीसी, अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं वजन), इंधन, इंजिन नंबर, चासी नंबर सगळं असतं. बॉनेट उघडून इंजिन नंबर जुळवा. अॅम्बॅसेडरमध्ये मागच्या मालकानं डिझेल इंजिन टाकलेलं, पद्मिनीत कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं, हे आपल्याकडे सर्रास झालेलं आहे, त्या काळी डिझेल स्वस्त होतं म्हणून. नंबर जुळत नसेल तर तुलना तिथेच थांबवा, कारण तुम्ही तिसरीच गाडी बघताय, आणि व्यवहाराच्या दृष्टीनं तर ती डोकेदुखीच आहे.

आता कागदावरचे आकडे. इथे नवखे सगळ्यात जास्त फसतात म्हणून थोडं सावकाश.

पॉवर तीन प्रकारे लिहितात. बीएचपी, पीएस, किलोवॅट. किलोवॅटला १.३४ ने गुणलं की बीएचपी, पीएसला ०.९८६ ने गुणलं की बीएचपी, हे झालं सोपं. खरी गोम मोजण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या काळी एसएई ग्रॉस म्हणून एक पद्धत होती, तिच्यात इंजिन उघडं बाकावर ठेवून चालवायचे, पंखा नाही, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, मग आकडा फुगतोच. डीआयएन पद्धतीत हे सगळं लावून मोजतात, त्यामुळे आकडा कमी येतो पण खरा येतो, याला नेट म्हणतात. एकाच १४८९ सीसी इंजिनाला एका ठिकाणी ५० आणि दुसऱ्या ठिकाणी ५५ लिहिलेलं दिसतं, फियाटला पण कुठे ४० कुठे त्याच्या बरंच वर. म्हणून नियम असा करा की आकड्याशेजारी पद्धत लिहिलेली नसेल तर तो आकडा फक्त अंदाज म्हणून धरायचा, आणि एका गाडीचा ग्रॉस आणि दुसरीचा नेट असं कधीच शेजारी ठेवायचं नाही.

त्यापेक्षा ज्याच्यात फसवाफसवी होत नाही तो आकडा घ्या, बोअर आणि स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि त्यात पिस्टन वरखाली जातो ते अंतर. फियाटचा बोअर ६८ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी. अॅम्बॅसेडरचा ७३ मिमी आणि जवळपास ८९ मिमी. सीसी स्वतः काढून बघा, मजा येते: बोअर सेंटीमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले चार. फियाटचं ६.८ चा वर्ग ४६.२४, त्याला ०.७८५४ ने गुणून ३६.३, त्याला ७.५ ने आणि मग चारने गुणलं की १०८९. बरोबर येतं. आता समजा गाडीत एक मिमी ओव्हरसाइज पिस्टन आहेत, म्हणजे बोअर ६९, तर तेच गणित ११२२ च्या आसपास जातं. म्हणजे रिबोअर झालेल्या गाडीचं सीसी कागदापेक्षा जास्त असतं, फरक छोटा पण आहे. मालकाला किंवा त्याच्या मेकॅनिकला थेट विचारा, पिस्टन कितीचे आहेत? स्टँडर्ड आहेत की ओव्हरसाइज? अंबड-सातपूरला मशीन शॉपमध्ये बोअर करून घेतलेलं असेल तर बिलावर ते लिहिलेलं सापडतं.

स्ट्रोकमधला तो फरक गाडी चालवताना जाणवतो. अॅम्बॅसेडरचं इंजिन लांब स्ट्रोकचं, खालच्या आरपीएमलाच (मिनिटाला इंजिनचे कमी फेरे असतानाच) ताकद देणारं, टॉर्क म्हणजे ओढायची ताकद दहा किलोग्रॅम-मीटरच्या पुढे. फियाटचं सातच्या आसपास, पण इंजिन हलकं आणि फिरायला खुशीचं, तिला जरा वर फिरवलं की ती पळते. म्हणून अॅम्बॅसेडरवाला गिअर न बदलता चौथ्यातच ओढत नेतो आणि फियाटवाला स्टिअरिंगजवळचा हात गिअर सारखा हलवत असतो. दोघंही बरोबरच असतात, ज्याची त्याची गाडी तशी.

पुढची पायरी वजनाची, आणि माझ्या मते सगळ्या तुलनेचा कणा इथे आहे. फियाटचं वजन ८९५ किलोच्या आसपास धरतात, अॅम्बॅसेडर ११०० च्या पुढे, आपण ११११ वगैरे न करता सरळ १११० धरू. पॉवरला टनाने भागा. फियाट ४० भागिले ०.८९५, म्हणजे टनाला ४४.७ बीएचपी. अॅम्बॅसेडर ५० भागिले १.११, म्हणजे ४५. बघा, ४० विरुद्ध ५० हा जो मोठा फरक वाटत होता तो गेला कुठे? रिकाम्या गाडीत दोघी सारख्याच. आता पाच माणसं आणि सामान मिळून ४०० किलो टाका. फियाट १२९५ किलोची झाली, टनाला ३०.९. अॅम्बॅसेडर १५१० ची झाली, टनाला ३३.१. म्हणजे एकटा माणूस फिरणार असेल तर पिकअपमध्ये काही फरक नाही, आणि आईवडील, बायको, पोरं, वर वणीच्या गडाला नेणार असाल तर अॅम्बॅसेडर पुढे. हे कोणतंही ब्रोशर सांगत नाही, पण कुठल्याही जुन्या ड्रायव्हर काकांना विचारा, ते गणित न करता हेच सांगतील.

आणि वजन कागदावरचं नको, खरं करून घ्या. कांदा-द्राक्षांच्या पट्ट्यात राहतो आपण, भुईकाट्यांना तोटा नाही. पिंपळगावला, लासलगावला जाता येता कुठल्याही भुईकाट्यावर गाडी चढवा, थोड्या पैशांत पावती मिळते. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, म्हणजे पुढे किती भार आणि मागे किती तेही कळतं. ट्रकच्या काट्यावर पाच-दहा किलोचा फरक पडतो, चालतंय. दोन्ही गाड्या एकाच काट्यावर, टाकी दोघींची भरलेली, आत कोणी बसलेलं नाही. पत्र्यावर जाड पुट्टी भरलेली गाडी कधीकधी इथेच पकडली जाते, वजन अपेक्षेपेक्षा पन्नास किलोनं जास्त का आलं हा प्रश्न पडला पाहिजे.

मापं टेपनं घ्या. फियाट साधारण ३.९ मीटर लांब आणि १.४६ मीटर रुंद, व्हीलबेस २३४० मिमी. अॅम्बॅसेडर ४.३ मीटरच्या पुढे आणि १.६६ मीटरच्या आसपास रुंद, व्हीलबेस २४६४. वीस सेंटीमीटरची रुंदी कागदावर काही वाटत नाही, पण घर जुन्या नाशकात असेल, रविवार कारंजा, सराफ बाजार, पंचवटीच्या गल्ल्या रोजच्या असतील तर त्या वीस सेंटीमीटरवरच निर्णय होतो. उलट मागच्या सीटवर तीन मोठी माणसं आरामात बसवायची तर तेच वीस सेंटीमीटर अॅम्बॅसेडरच्या बाजूनं बोलतात.

सस्पेन्शनचं थोडक्यात, दोघींना मागे पाट्यांचे स्प्रिंग, पुढे फियाटला कॉइल स्प्रिंग आणि अॅम्बॅसेडरला टॉर्शन बार. ब्रेक दोघींना चारही चाकांना ड्रम. यात तुलना करण्यासारखं कागदावर फार नाही, रस्त्यावर आहे, ते पुढे येतंय.

आता टायर आणि गिअरिंग, ज्याकडे कुणीच बघत नाही. फियाट मुळात १४ इंची चाकांवर आणि अॅम्बॅसेडर १५ इंची चाकांवर यायची, जुन्या पद्धतीचे क्रॉस-प्लाय टायर. आज बहुतेकांनी जे रेडियल (आताच्या पद्धतीचे टायर) मिळाले ते घातलेत. टायरचा घेर बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो, किलोमीटर खोटे होतात, मग तुम्ही काढलेलं अॅव्हरेज पण खोटं. घेर मोजायची पद्धत अशी: हवा बरोबर भरा, सपाट फरशीवर गाडी उभी करा, मागच्या टायरच्या जमिनीला टेकलेल्या जागी खडूनं टायरवर आणि फरशीवर अशी एकच रेघ मारा, गाडी ढकलत पुढे न्या, टायरवरची रेघ परत खाली टेकली की तिथे फरशीवर दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर टेपनं मोजा, तोच घेर.

मग डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे मागची चाकं एकदा फिरायला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो. हँडब्रेक नाही, गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि मागचं एकच चाक जॅक आणि स्टँडवर उचलायचं, दुसरं जमिनीवरच राहू द्यायचं, त्यालाही ठोकळा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कुणीही डोकावायचं नाही, यात तडजोड नाही. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) खडूची खूण करा. एकानं उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि दुसऱ्यानं बाजूनं बघत शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक अडवलेलं असल्यामुळे दोन फेऱ्यांना शाफ्ट जितके फेरे घेतो तोच रेशो. चार आणि थोडे वर, असं काहीतरी येईल. चौथा गिअर दोन्ही गाड्यांत डायरेक्ट आहे, म्हणून हिशोब सोपा: घेर मीटरमध्ये, गुणिले ६०, भागिले रेशो, म्हणजे हजार आरपीएमला टॉप गिअरमध्ये किती किलोमीटरचा वेग. समजा घेर १.८५ मीटर आणि रेशो ४.३ आला, तर जवळपास २६. म्हणजे ताशी ८० ला इंजिन ३१०० च्या आसपास फिरतंय. दोन्ही गाड्यांचा हा आकडा काढला की मुंबई-आग्रा रोडवर ८० ला कुठली गाडी निवांत आणि कुठली ओरडत जाणार हे चालवायच्या आधीच कळतं.

इंजिनची तब्येत बघितल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका. कॉम्प्रेशन गेज कुठल्याही बऱ्या मेकॅनिककडे असतो. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच सेल्फ मारा, चार-पाच आवर्तनं पुरतात. चार आकडे लिहून घ्या. मोठा आकडा किती हे महत्त्वाचं आहेच, पण चौघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा सिलिंडर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत बघा, आकडा वर आला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही आला तर व्हॉल्व्हचा. दोन गाड्यांपैकी एकीचे चारही सिलिंडर सारखे आणि दुसरीचा एक पडलेला असेल तर मग बीएचपीची चर्चा बंद करा, आधी ती दुरुस्ती.

आणखी एक, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. कार्बोरेटरची गाडी उंचीवर ताकद गमावते, हवा विरळ म्हणून, सहा-सात टक्के तरी जातातच. मुंबईत भारी पळालेली गाडी इथे आणल्यावर जरा सुस्त वाटली तर घाबरू नका, मिक्श्चर नीट लावून घ्या. आणि दोन गाड्यांची तुलना एकाच गावात करा, एक ठाण्यात चालवून बघितली आणि एक सिन्नरला, याला अर्थ नाही.

रस्त्यावरच्या चाचण्या तीनच करा.

पिकअपसाठी शून्य ते शंभर वगैरे या गाड्यांना लावू नका, क्लच आणि गिअरबॉक्सवर अत्याचार आहे. त्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ६० ला जायला किती सेकंद लागतात ते बघा. वेग फोनच्या जीपीएसवर बघायचा, गाडीच्या काट्यावर नाही, आणि फोन शेजारच्याच्या हातात. सकाळी लवकर, सपाट मोकळा रस्ता, एकदा जाताना एकदा येताना, म्हणजे वारा आणि उतार फिटतो. दोन्ही गाड्यांत तीच दोन माणसं.

अॅव्हरेजसाठी टाकी फुल ते टाकी फुल. नाशिक ते शिर्डी जाऊन येऊन चांगला रूट आहे, मोहदरी घाट पण येतो, सपाट पण येतं. एकच पंप, तेच नोझल, गाडी तशीच उभी, पहिल्या कटऑफला थांबायचं, वरून रिचवायचं नाही. किलोमीटर फोनच्या जीपीएसचे धरा. आणि आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं हे विसरू नका, त्यात ऊर्जा कमी, त्यामुळे आजोबा सांगायचे तो आकडा आता येणार नाही, दोघींनाही नाही. जुने रबरी पाइप आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा या पेट्रोलनं फुगतो, चिरतो, पेट्रोलचा वास आला तर आधी पाइप बदला मग चाचणी. शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या व्हॉल्व्ह सीट पण झिजतात, म्हणून हेडचं (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) काम झालंय का, कडक सीट बसवल्यात का हे विचारून ठेवा.

तिसरी घाटाची, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर. मुंबईकडून येताना कसारा घाट. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत जवळपास तीनशे मीटर चढ. गाडीत चार माणसं. कुठल्या गिअरमध्ये चढते, तापमानाचा काटा कुठपर्यंत जातो, वर पोचल्यावर इंजिन आयडलला (अॅक्सिलरेटर सोडून उभं असताना) नीट राहतं का की बंद पडतं, एवढं लिहून घ्या. सेकंद मोजायची गरज नाही, ट्रकमागे अडकलात की ते सगळं वाया जातं. एप्रिल-मेमध्ये इंजिनावरच्या पेट्रोल पंपात व्हेपर लॉक होऊन, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन अडकून, गाडी मधेच बसते, त्यासाठी पाण्याची बाटली आणि एक फडकं जवळ ठेवा, पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबलं की चालू होते. नीट गाडी असेल तर अॅम्बॅसेडर शांतपणे वरच्या गिअरमध्ये ओढते आणि फियाटला एक गिअर खाली घ्यावा लागतो पण ती तापत नाही, हे दिसलं तर दोन्ही गाड्या निरोगी समजा. ब्रेकची परीक्षा जाताना उतारावर होते. ड्रम तापले की पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही, म्हणून ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि पुढच्या गाडीपासून अंतर नव्या गाडीपेक्षा दुप्पट ठेवायचं. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे मात्र घाटात नाही, आधी मोकळ्या जागेत ताशी तीस-चाळीसला बघून घ्या.

हे सगळं एका वहीत दोन रकाने करून लिहा, डावीकडे फियाट उजवीकडे अॅम्बॅसेडर, प्रत्येक आकड्याशेजारी तो कागदावरचा की मोजलेला हे लिहून.

राहिला कागदपत्रांचा विषय. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, नंतर दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून वाढवायचं, त्याला पर्यावरण कर लागतो, आपलं काम पेठ रोडच्या आरटीओत होतं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झाली असतील आणि मूळ रूपात मोठा बदल केलेला नसेल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी वीस हजार आणि नूतनीकरणाची पाच हजार. म्हणजे पहिल्या पद्मिन्या आता त्या वयात आल्यात, मार्क टू अॅम्बॅसेडर तर कधीच्याच. पण ती नोंद घेतली की गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. रविवारी कुटुंबाला घेऊन त्र्यंबकला जायचं मनात असेल तर साध्या रजिस्ट्रेशनवरच ठेवा, आणि मूळ इंजिन काढलेली गाडी व्हिंटेजमध्ये घालायच्या आशेवर विकत घेऊ नका. इंजिन नंबर जुळवायला मी सुरुवातीलाच सांगितलं ते यासाठी पण होतं. काही अडलं तर वहीतल्या दोन रकान्यांचा फोटो टाका, बोअर आणि कॉम्प्रेशनचे आकडे असतील तर नक्की काहीतरी सांगता येईल.